वणवा आणि माळाची माती

महाभारतातील खांडवदहन आणि ‘ऋतुसंहारा’तील ग्रीष्माचा दावानल आपल्या परिचयाचे आहेत. परंतु ज्वाळा विझल्यावर भूमीचे काय झाले, हा प्रश्न कवींनी फारसा विचारला नाही. आमच्या मते वणव्याचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुन्या जालन्याभोवतीचा मुलूख दाट अरण्याचा नव्हे. उत्तरेस अजिंठ्याच्या रांगेचे फाटे भोकरदन-जाफराबादेकडे उतरतात. अशा टेकड्यांवर काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर, त्यावर गवत आणि मधून मधून पळस, हिवर, बोर. येथे आग शेंड्यांवरून नव्हे, तर गवतावरून धावते. चढावर तिचा वेग वाढतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवितात. उतरणीला तीच मंदावते.

गवताची आग क्षणात पुढे सरकते आणि कोरड्या मातीतून उष्णता खोल उतरत नाही. म्हणून पृष्ठभाग काळवंडला तरी चार बोटे खाली मुळे बहुधा जिवंत राहतात. पळस बुडापासून पुन्हा फुटतो. कुसळीचे बी तर हवेतील ओलाव्याने पिळणाऱ्या आणि सुटणाऱ्या कुसळाच्या जोरावर स्वतःच जमिनीत शिरते. जळून जातात ती कोवळी रोपे. दरवर्षी पेटणाऱ्या माळावर वृक्षांची नवी पिढी उभी राहत नाही, ती ह्यामुळे. कुसळीचे राज्य मात्र अबाधित राहते.

वणव्याने जमिनीस खत मिळते, ही समजूत अर्धी खरी आहे. राखेत चुना, पोटॅश व स्फुरद उरतात. नत्राचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो. कोकणातील शेतकरी राब भाजतो तो बांध घातलेल्या वाफ्यात, पावसाच्या तोंडावर. त्याची राख त्याच्याच रोपास लाभते. उघड्या टेकडीवरील राख मात्र वळवाची पहिली सर ओढ्यात नेते आणि तिच्यामागून मातीही जाते.

राज्यकर्त्यांनी हा भेद उशिराच ओळखला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरविले. १८८५ साली मुंबई इलाख्यात वनविषयक कमिशन नेमावे लागले, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या रयतेचा राबाचा प्रश्न त्याच्यापुढे आला. पुढे ब्रह्मदेशात, आगीपासून जपलेल्या सागवनात दाट झुडपे माजून सागाची रोपे गुदमरू लागली. १८९६ मध्ये स्लेड ह्या वनाधिकाऱ्याने अशा अतिरक्षणाविरुद्ध लेखणी उचलली.

परंतु ब्रह्मदेशाचा न्याय जालन्याच्या माळास लावणे धोक्याचे होय. तेथे पाऊस विपुल व वाढ दांडगी. येथे गमावण्यास मातीच वीतभर. अग्नी मित्र की शत्रू, हा वाद त्यामुळे पोकळ आहे. तो कोणत्या ऋतूत, किती वर्षांनी आणि कोणत्या मातीवर येतो, हे पाहिले पाहिजे. ज्या टेकडीचे गवत हिवाळ्यातच कापून गुरांस घातले जाते, तेथे उन्हाळ्यात वणव्यास खाण्यास काय उरणार? जाळरेषा आखाव्यातच, पण विळा हीच माळाची खरी राखण होय.