देशाचा आलेख आणि आजीची तार

आजचा भाग आलेखांचा आहे. घाबरू नका, गणित फार नाही. एक रेघ, दोन-चार उभे स्तंभ, बस्स. पण सुरुवात मालवणच्या आमच्या घरातल्या एका तारेपासून करतो.

आजोबा परळच्या गिरणीत होते. आजी इथे. मनीऑर्डर आली की पोचपावती सही करून मुंबईला परत जायची आणि संदेशाचा छोटा तुकडा आजीकडे राहायचा. ते तुकडे ती खुंटीवरच्या वाकड्या तारेत ओवून ठेवायची. महिना संपत आला की एकच प्रश्न : "पोस्टमन इलो काय रे?"

आता जरा लांब जाऊ. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १७८६ साली लंडनमध्ये एक पुस्तक काढलं. व्यापाराचे आकडे त्याने तक्त्यात न मांडता रेघांनी मांडले. आडवी वर्षं, उभे पैसे. आज पेपरात आपण जो रेषालेख बघतो त्याचा उगम हा. त्यात ईस्ट इंडीजशी चाललेल्या व्यापाराचाही एक आलेख आहे, १७०० पासूनचा. याच काळात, १७६५ साली, कंपनीने आपला सिंधुदुर्ग किल्ला घेतला, त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं आणि पुढच्या वर्षी पैशांचा करार करून करवीरकरांना परत दिला. रेघेवर बोट ठेवून १७६५ सापडतं. मालवण मात्र सापडत नाही.

त्याच पुस्तकात जगातला पहिला म्हणावा असा स्तंभालेखही आहे, स्कॉटलंडच्या व्यापाराचा. तो का काढला, माहितीय? प्लेफेअरकडे स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? म्हणून स्तंभ. म्हणजे आलेख कुठला काढायचा हे हातात आकडे किती आहेत त्यावर ठरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. त्यांच्या १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चं राष्ट्रीय उत्पन्न आलं ८,७१० कोटी रुपये, म्हणजे दरडोई वर्षाला २५५ रुपये. पुढे दरवर्षीच्या आकड्यांचे स्तंभ शेजारी शेजारी उभे राहत गेले.

प्रश्न असा, की त्या स्तंभात आजीची तार कुठे आहे? आजोबांनी विणलेलं कापड देशाच्या बेरजेत आहेच. पण जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना उत्पादन जिथे झालं तिथे ते धरतात. कापड मुंबईत झालं, म्हणून मोजलं मुंबईत. मालवणला आलेली मनीऑर्डर ही नुसती पाठवणी. कोकणाला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणत आले सगळे, पण जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या स्तंभात मनीऑर्डरला जागाच नाही.

आजी गेल्यावर मी ती तार उतरवली. तुकडे तारखेनुसार लावले आणि शाळेच्या आलेख कागदावर रेघ ओढली. गणपतीच्या आधी दरवर्षी एक टेकडी, बाकी सपाट. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, रेघेला त्याचं काही नाही. आठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तिथून माझी रेघ दोन-तीनदा थोडी हलते आणि थांबते. त्या वर्षीच्या गणपतीला टेकडी नाही. पोस्टमनच्या ऐवजी आजोबाच दारात आले होते.

आणि देशाचा स्तंभ? १९८२-८३ चा स्तंभ आदल्या वर्षापेक्षा उंच आहे. तो खोटा नाही. देश त्या वर्षी खरंच वाढला. आमचं घर त्याच वर्षी बसलं. दोन्ही खरं.

म्हणून एक स्तंभालेख तुम्हीही काढून बघा, दोनच स्तंभांचा. २०११ ची जनगणना : महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६. उंच स्तंभ बघून खूश होऊ नका. त्यात बाहेर गेलेले पुरुषही आहेत, आणि खुंटीकडे बघत बसलेल्या कितीतरी आज्याही.

तुमच्या घरी असे कागद असतील, दुकानाची वही, बागेचा हिशेब, जुनी पासबुकं, तर रद्दीत घालू नका. एकाच वर्षाचे असले तरी चालतील. स्तंभ तर काढता येईल!

भेटू पुढच्या भागात.