बायोडिझेल मिश्रणांचा इंजिनातील वापर

बायोडिझेल मिश्रण : खनिज डिझेलमध्ये ठरावीक प्रमाणात बायोडिझेल मिसळून केलेले इंधन. वनस्पती तेल, प्राणिज चरबी किंवा तळणीचे वापरलेले तेल यांची उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉलशी विक्रिया केली म्हणजे मेदाम्लांची मिथिल एस्टरे तयार होतात आणि ग्लिसरीन वेगळे होते. ही एस्टरे म्हणजेच बायोडिझेल. नुसते गाळून घेतलेले तेल बायोडिझेल नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर डिझेल इंजिन चालवून दाखवले गेले होते. पण आजच्या इंजिनात असे घट्ट तेल नीट फवारले जात नाही आणि नोझलवर काजळी धरते.

प्रमाण व मानके : मिश्रणाच्या नावातील आकडा बायोडिझेलचे आकारमानी शेकडा प्रमाण सांगतो. बी-२० मध्ये ते २० टक्के असते, तर बी-१०० म्हणजे शुद्ध बायोडिझेल. भारतात शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. डिझेलच्या आयएस १४६० (२०१७) मानकानुसार त्यात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. त्याहून जास्त प्रमाण वापरायचे, तर इंजिनाच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहावी लागते.

इंजिनावरील परिणाम : बायोडिझेलमुळे पंप व इंजेक्टर यांना चांगले वंगण मिळते. लिटरमागे ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असली, तरी बी-२० मध्ये हा फरक एक-दोन टक्केच राहतो. मात्र बायोडिझेल उत्तम द्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते. तो फिल्टरमध्ये अडकला की गाडी चढावर ओढत नाही. हा दोष इंधनाचा नसून टाकीचा असतो. म्हणून जास्त प्रमाणाचे मिश्रण सुरू करण्यापूर्वी टाकी साफ करतात व सुरुवातीला फिल्टर लवकर बदलतात. नैसर्गिक व नायट्राइल रबराचे पाइप आणि सील अशा मिश्रणात फुगतात किंवा मऊ पडतात. तेथे फ्लुओरोइलॅस्टोमरचे सील लागतात. धूरगाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी जी इंजिने सिलिंडरातच जादा इंधन फवारतात, त्यांत न जळलेले बायोडिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करू शकते. अशा वेळी डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते.

मिसळणे व साठवण : बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असते. ते आधी टाकीत ओतले तर तळाशी थर धरून राहू शकते. डिझेलवर ओतल्यास खाली उतरताना मिसळत जाते. पामतेलाचे शुद्ध बायोडिझेल १५ अंश सेल्सियसच्या आसपासच गढूळ होऊ लागते, त्यामुळे निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ते उघड्यावरील पिंपात ठेवता येत नाही. बायोडिझेल डिझेलपेक्षा अधिक पाणी शोषते. पाणी साचले की सूक्ष्मजीव वाढून चिकट गाळ होतो. तांबे, पितळ, जस्त यांच्या संपर्कात बायोडिझेलचे ऑक्सिडीकरण लवकर होते, म्हणून तांब्याच्या नळ्या व जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे टाळतात. क्वचितच चालणाऱ्या जनरेटरच्या टाकीत मिश्रण सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवू नये.

आगीपासून दक्षता : शुद्ध बायोडिझेलचा ज्वलनांक १०० अंश सेल्सियसच्या वर असल्याने ते डिझेलइतके सहज पेट घेत नाही. बी-२० ला मात्र डिझेलचेच नियम लावावेत. बायोडिझेल पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या, तर ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने त्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात टाकतात.