शेजारधर्म आणि कायदा : खडूच्या खाणीचा धडा

शेजारधर्म हा शब्द आपल्याला कोणी फोड करून सांगावा लागत नाही. विहीर खणायची, भिंत उचलायची, तर आधी शेजाऱ्याच्या कानावर घालायचं. पण हे कानावर घालणं कायद्याने बंधनकारक केव्हा केलं, आणि का? आज तेवढंच पाहू.

रोमन कायद्यात सुरुवात शेजाऱ्याकडून होते. तो बांधकामाच्या जागी जाऊन हरकत जाहीर करी. मग बांधणाऱ्याने काम थांबवायचं. तारण देईपर्यंत, किंवा प्रेटर हा न्यायाधिकारी हरकत उठवेपर्यंत. म्हणजे शेजारी हा पक्षकार आहे, हे तिथे गृहीतच होतं.

आता इंग्लंडला येऊ. १९४७च्या नगररचना कायद्याने जमिनीवर काही नवं करायला शासनाची परवानगी आवश्यक केली. चांगलीच सुधारणा! पण त्यामुळे व्यवहार मालक आणि शासन, या दोघांतला झाला. शेजारी कुठे गेला?

याचं उत्तर एसेक्स परगण्यात सॅफ्रन वॉल्डन गावाजवळ मिळालं. एकाला तिथे खडूच्या दगडाची खाण काढायची होती. आसपासच्या जमीनमालकांचं म्हणणं, ही धूळ आमच्या पिकांवर आणि जनावरांवर बसणार. चौकशी झाली, शेजाऱ्यांचं ऐकलं गेलं, निरीक्षकाने परवानगी नाकारण्याची शिफारसही केली. मंत्र्यांनी मात्र परवानगी दिली. तीही कृषी खात्याचा सल्ला घेऊन, जो शेजाऱ्यांना कधी दाखवलाच नव्हता!

शेजारी न्यायालयात गेले. १९६०च्या या बक्स्टन खटल्यात न्यायमूर्ती सालमन यांनी दिलेला तर्क नीट ऐका. पूर्वी मालक आपल्या जमिनीवर, उपद्रवाची मर्यादा सोडली तर, हवं ते करू शके. नव्या कायद्याने त्याला आवर घातला तो जनतेच्या हितासाठी. त्यातून शेजाऱ्याला स्वतंत्र हक्क मिळाला नाही. सबब, कायद्याच्या दृष्टीने हा शेजारी ‘पीडित व्यक्ती’ नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंसं वाटतं. त्या माणसाचं ऐकलं गेलं होतं, पण हक्काने नव्हे, मेहेरबानीने. आणि मेहेरबानीने ऐकलेलं विसरता येतं.

पुढे हा हक्क तुकड्यातुकड्याने आला. १९५९च्या कायद्याने काही त्रासदायक बांधकामांच्या अर्जांना जाहीर प्रसिद्धी सक्तीची केली होतीच. १९७३च्या टर्नर खटल्यात ‘पीडित’ शब्दाचा अर्थ रुंदावला. स्कॉटलंडमध्ये तर १९८४पासून अर्जदारानेच शेजाऱ्यांना कळवायचं असा नियम झाला. २००९मध्ये ती जबाबदारी नियोजन प्राधिकरणाकडे गेली. मला हे योग्य वाटतं. शेजारी गप्प राहिला तर ज्याचा फायदा, त्याच्याच हाती निरोप कशाला द्यायचा?

आपल्याकडे काय? महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना अधिनियमात कलम ३७ आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर जाहीर नोटीस द्यायची, हरकती मागवायच्या आणि बाधित व्यक्तींनाही कळवायचं. एकेका इमारतीच्या परवानगीचं कलम ४५ मात्र अर्जदार आणि प्राधिकरण यांच्यापुरतंच बोलतं. म्हणजे १९४७चीच ती दोघांची बैठक!

कोणी म्हणेल, शेजाऱ्याला विचारत बसलं तर कामं अडतील. पण नोटीस म्हणजे नकाराधिकार नव्हे, बरं का. निर्णय प्राधिकरणच घेणार. नोटीस इतकंच कबूल करते, की माझ्या कुंपणापलीकडेही एक माणूस राहतो, आणि पाया खणण्याआधीच त्याला बोलता आलं पाहिजे. शेजारधर्म याहून वेगळं काय सांगतो?