दात आधी, प्राणी मागाहून

स्पितीची चुनखडी ॲसिटिक ॲसिडमध्ये टाकली की बुडबुडे येतात, दगड झिजत जातो आणि तळाशी चिमूटभर गाळ उरतो. तो धुवायचा, वाळवायचा, मायक्रोस्कोपखाली पसरायचा आणि ओल्या ब्रशाच्या टोकाने कोनोडॉन्ट वेचायचे. उमेदीची वर्षं मी यातच घालवली. साडीला व्हिनेगरचा वास येतो म्हणून घरचे कुरकुरायचे. कोनोडॉन्ट म्हणजे बहुधा मिलिमीटरभराचे, कॅल्शियम फॉस्फेटचे दात. हे ॲसिड त्यांना खात नाही, म्हणून तर हा उद्योग चालतो.

1856 साली क्रिस्तियान पँडरने बाल्टिक भागातले असे दात वर्णिले, तेव्हा त्याला ते माशांचे वाटले. पुढे कुणी कृमी म्हणालं, कुणी गोगलगायीच्या गोतातलं, कुणाला तर वनस्पती दिसली. मालक कोण ते ठाऊक नसताना खडकांचं वय मात्र या दातांवरून बिनबोभाट ठरू लागलं, कारण काळ पुढे सरकतो तसे त्यांचे आकार बदलतात. 1977 मध्ये अनिता एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी रंगांचं कोष्टक छापलं: फिकट पिवळा दात म्हणजे खडक फारसा तापलेला नाही, काळा म्हणजे चांगलाच भाजलेला. तेल शोधणाऱ्यांना आणखी काय हवं!

मोंटानात मधेच एक जीव हाच दातांचा मालक म्हणून गाजला. त्याच्या पोटात कोनोडॉन्ट होते. निघाला तो कोनोडॉन्ट खाणारा!

प्राणी सापडायला इतका उशीर का? मला विचाराल तर दोष आमच्या ॲसिडचाही आहे. दात हाती येतात, पण अंगाचा ठसा असलाच तर तो त्याच भांड्यात नाहीसा होतो. 1934 मध्ये जर्मनीत श्मिट आणि अमेरिकेत स्कॉट यांना दातांचे जुळलेले संच दिसले, ते फोडलेल्या दगडावर.

1982 साली एडिंबरात युअन क्लार्कसन कोळंबीच्या जातीचे जीवाश्म धुंडाळत होते. ग्रँटनच्या किनाऱ्यावरचा, संग्रहात कित्येक दशकं पडून असलेला एक दगड त्यांनी पाहिला. त्यावर वामीसारखा, जेमतेम चार सेंटिमीटरचा ठसा होता; स्नायूंच्या तिरप्या पट्ट्या, शेपटीला पर, आणि डोक्यापाशी दात जागच्या जागी. हाच दातांचा मालक, क्लायडॅग्नॅथस. आमच्या धंद्यातल्या कुणाला नव्हे, कोळंबी शोधणाऱ्याला तो दिसला, याचा मला अजून हेवा वाटतो.

दक्षिण आफ्रिकेतला दुसरा कोनोडॉन्ट प्राणी, प्रॉमिसम, त्याहून कितीतरी मोठा. तो आधी वनस्पती म्हणूनच नोंदला गेला. पुढे त्याच्या डोळ्यांचे स्नायूसुद्धा दिसले. तोही शेल खडक फोडूनच मिळाला.