पिंपरीचे पेनिसिलीन आणि जनुकांचे साहचर्य

मौजे पिंपरी, तालुका हवेली, हे नाव आज मोटारींच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु टेल्को आणि बजाज यांचा अंमल या माळावर बसण्यापूर्वीच, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने मुंबई-पुणे मार्गालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन केली, आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. लोखंडाच्या आधी येथे बुरशी आली.

जगभरच्या पेनिसिलीन-कारखान्यांतील बुरशीच्या वाणांचे मूळ बहुतांशी एकच आहे. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे एका नासलेल्या खरबुजावर ते सापडले. क्ष-किरण आणि अतिनील किरण यांचा मारा करून त्याच्या बीजाणूंत उत्परिवर्तने घडवावयाची, उगवलेल्या असंख्य वसाहतींतून अधिक द्रव्य देणारी एक वेचावयाची, आणि पुढची सारी पिढी त्या एकीपासून वाढवावयाची, असा हा क्रम होता. निवड कठोर, आणि वंश चालविणारा मात्र प्रत्येक खेपेस एकटा! संकराचा मार्ग अवगत नसल्यामुळे त्या एकीच्या अंगी जे दोष होते तेही, वतनाबरोबर वतनावरील कर्ज वारसाच्या माथी यावे तसे, गुणांबरोबर कायम झाले.

पेनिसिलीन घडविणारी तीन मुख्य जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. भरघोस उत्पन्न देणाऱ्या अनेक वाणांत तो संपूर्ण पट्टा अनेक वेळा पुनरावृत्त झालेला आढळतो, आणि त्या पट्ट्यात पेनिसिलीनशी काडीचाही संबंध नसलेली जनुकेही असतात. निवडणाऱ्याने त्यांना मागितले नव्हते, ती केवळ शेजारामुळे आली.

या साहचर्याचा हिशेब हिल आणि रॉबर्टसन या एडिंबरोच्या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडला. समूह लहान असला की एका स्थानावरील हितकर जनुक दुसऱ्या स्थानावरील अहितकर जनुकाशी योगायोगाने जखडले जाते, एकाची निवड दुसऱ्याच्या निवडीस अडसर होते, आणि सुधारणेची मर्यादा खाली येते. जनुके जितकी निकट आणि समूह जितका अल्प, तितका हा अडसर मोठा. त्यावर उपाय म्हणजे जनुकांची नवी जुळणी, आणि बुरशीला नेमके तेच दुर्लभ होते. ग्लासगोत पोंतेकोर्व्हो यांनी दोन तंतूंची केंद्रके एकत्र आणून लैंगिक मीलनाविना जुळणी साधण्याचा आडमार्ग दाखविला खरा. पण तो आडमार्गच.

पिंपरीकरांनी स्वतःच्या मातीकडेही पाहिले, हे मला विशेष वाटते. एम. जे. थिरुमलाचार यांनी येथे स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात गाव आहे आणि औषधाच्या नावात कारखाना. बुरशी जोपासून चरितार्थ चालविणाऱ्या कारखान्याने बुरशीचाच काळ शोधावा, हा विनोद दप्तरी नोंदला गेला नसावा.

२०१३ साली जर्मनीतील बोखुमच्या संशोधकांच्या पुढाकाराने पेनिसिलीनच्या बुरशीचे लैंगिक पुनरुत्पादन प्रयोगशाळेत प्रथमच घडवून आणण्यात आले. त्यासाठी तिला अंधारात आठवडेच्या आठवडे ठेवावे लागले. शिवाय पिओरियाच्या खरबुजापासून उतरलेले सारे वाण एकाच मीलनप्रकाराचे असल्याने विरुद्ध प्रकाराचा जोडीदार कारखान्याच्या संग्रहात मिळणे शक्य नव्हते. तो रानटी वाणांतून आणावा लागला.