दुखवट्यानंतरचा बोलपट

ज्या घरी मृत्यू घडला तिथे शेजारपाजारच्यांनी पिठले-भाकरीचा कडू घास पोचवावा, दहा दिवस सुतक पाळले जावे आणि दिवस झाल्यावर आप्तेष्टांनी दुखवट्याचे वस्त्र देऊन दुःखिताला देवदर्शनास न्यावे, हा आपल्याकडील जुना दस्तूर होय. परंतु वर्षश्राद्धापर्यंत सणवार आणि नाटक-तमाशा वर्ज्य मानणाऱ्या याच समाजात त्या दुःखिताला चित्रगृहात नेण्याची मुभा मित्राला कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे.

माझ्या मते ती देवादिकांनीच मिळवून दिली. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहना'त, १९१७ साली, पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच प्रेक्षक हात जोडीत, साष्टांग नमस्कार घालीत. रामाची भूमिका करणाऱ्या साळुंके या नटानेच सीतेचीही भूमिका केली होती, याची त्या भक्तिभावाला यत्किंचितही अडचण झाली नाही! अशा रीतीने चित्रगृह एकदा देवळाच्या पंक्तीस बसल्यावर, 'चला, तुकाराम पाहून येऊ' या निमंत्रणाला घरातील वडीलधारे हरकत घेतील कशाला?

पौराणिक ते निर्धोक, हा मात्र शुद्ध भ्रम. मूकपटात तारामतीचा शोक नुसता दिसत होता; १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'बरोबर मराठी चित्रपटाला वाचा फुटली आणि दुर्गाबाई खोट्यांच्या मुखाने तो ऐकूही येऊ लागला. शिवाय अखेरीस भगवंताच्या कृपेने तारामतीचा मृत मुलगा रोहिदास जिवंत होतो. पडद्यावरचा मुलगा उठून बसतो. खुर्चीत बसलेल्या बापाचा उठत नाही. पुत्रशोकाने पोळलेल्या स्नेह्याला हा बोलपट दाखविण्याइतके क्रौर्य, तेही सद्हेतूने केलेले, दुसरे नसेल.

दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकारामा'ची (१९३६) गोष्ट निराळी. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, त्याचे श्रेय लोक विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेला देतात, आणि ते रास्तच आहे. परंतु दुःखिताचे डोळे माझ्या समजुतीप्रमाणे गौरीने उभ्या केलेल्या जिजाईवर खिळतात. तुकोबा वैकुंठास जातात. म्हैस, मुले, चूल हा सारा पसारा जिच्या माथी, ती जिजाई मागे राहते. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता सांगणारा याहून थोर चित्रपट मला ठाऊक नाही.

राजा परांजप्यांच्या 'लाखाची गोष्ट'सारखा (१९५२) विनोदी चित्रपट भोवतालच्या हशात दुःखिताला अधिकच एकाकी करतो, म्हणून तो काही महिने लांबवावा. आणि अत्र्यांची 'श्यामची आई' (१९५३), राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक तिला मिळाले असले तरी, मातृवियोग ताजा असताना निक्षून टाळावी.

तिकिटे मात्र ओळीच्या कडेची दोन काढावीत. मध्येच उठावेसे वाटले, तर त्याला कोणाचे पाय ओलांडीत जावे लागू नये.