एंजिनाचे अतितापन : निदानाचा इतिहास

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडराचे व त्याच्या शीर्षाचे तापमान रचनेत गृहीत धरलेल्या मर्यादेपलीकडे जाणे, याला अतितापन म्हणतात. सिलिंडरातील जळत्या वायूचे तापमान क्षणभर २,०००° से.च्याही वर जाते. ओतीव लोखंड किंवा ॲल्युमिनियम यांचे वितळबिंदू त्याहून खाली आहेत. तरीही एंजिन टिकते, ते केवळ उष्णता सतत बाहेर नेली जाते म्हणून. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश चाकांना उपयोगी पडते, तितकीच निष्कास वायूंबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक शीतक पाण्यातून हवेला द्यावी लागते. या तिसऱ्या वाट्याच्या मार्गात कोठेही अडथळा आला की गाडी ‘तापते’. तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. तथापि एंजिनाच्या इतिहासात हा भेद पुष्कळ उशिरा स्पष्ट झाला.

आरंभीच्या गाड्यांत पाणी उकळणे हा बिघाड मानला जात नसे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत सिलिंडराभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई व त्याबरोबर उष्णताही जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी मॅनहाइमहून फोर्ट्‌सहाइमपर्यंत सु. १०० किमी.चा प्रवास केला, तेव्हा वाटेत मिळेल तेथे पाणी भरावे लागले. रूडोल्फ डीझेल यांची मूळ कल्पना तर शीतनाविना चालणाऱ्या एंजिनाची होती. १८९३ च्या पहिल्या प्रायोगिक यंत्रात जलवेष्टन नव्हतेच. अनुभवाने ते पुढे घालावे लागले. व्हिल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला व १९०१ च्या मर्सिडीझ गाडीमुळे तो सर्वत्र माहीत झाला. त्यानंतर तेच पाणी पुनःपुन्हा फिरविणे शक्य झाले. फोर्ड कंपनीच्या १९०८ पासूनच्या ‘टी’ गाडीत, अगदी आरंभीच्या काही गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व निवलेले खाली उतरे. पाणी बंद मंडलात फिरू लागल्यावरच ‘पाणी का उकळले?’ या प्रश्नाला अर्थ आला.

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुसंख्य लोकांना मोटारीच्या नव्हे, तर विहिरीवरील तेल-एंजिनाच्या रूपाने भेटला. साताऱ्याचे कूपर आणि पुण्याजवळ खडकी येथील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना १९४६) या कारखान्यांची एंजिने निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतील बागायतीत पोहोचली. यांपैकी अनेक संचांत रेडिएटर नसे. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून ती जलवेष्टनाला जोडत व कोमट झालेले पाणी पाटात सोडून देत. व्यवस्था स्वस्त व उत्तम होती. तिच्यात एकच उणीव होती. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फूटझडपेखाली उतरले की पंप हवा ओढू लागे, नळीतील धार तुटे आणि एंजिनावरचा भार कमी होऊन ते उलट अधिकच सुरळीत चालल्यासारखे वाटे. पंप कोरडा पडणे व एंजिन कोरडे पडणे या एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टी होत्या. रात्री एंजिन चालू ठेवून दुसऱ्या टोकाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला ते कळेपर्यंत दट्ट्या सिलिंडरात आवळून बसलेला असे. जाणती माणसे त्या धारेखाली हात धरून पाण्याची ऊब पाहत. तापमापकाशिवायचे हे निदान होते आणि पुष्कळ तापमापकांपेक्षा ते विश्वसनीय होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

निफाड तालुक्यातील लासलगाव येथे कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली आणि कांद्याची देशातील एक अग्रगण्य बाजारपेठ म्हणून ते गाव प्रसिद्धीस आले. गाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर असले, तरी पुढील काळात कांद्याच्या वाहतुकीचा मोठा भाग ट्रकांकडे आला. रब्बीचा ‘उन्हाळ’ कांदा नेमका मार्च ते मे या महिन्यांत निघतो. त्या वेळी या भागात दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास असते. हवा जितकी तापलेली तितका रेडिएटरातील पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरक कमी आणि तितकीच उष्णता कमी निघते. म्हणजे एंजिनांची कसोटी पाहणारा ऋतू आणि बाजाराचा हंगाम येथे एकच आहेत.

बाजारआवारातील ट्रॅक्टर आणि घाटातील ट्रक हे दोघेही तापतात. परंतु कारणे वेगळी असतात. लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास पावलापावलाने पुढे सरकतो. गाडीच्या वेगामुळे मिळणारी हवा येथे नसते. सारी भिस्त पंख्यावर. त्यातच धूळ व कांद्याचे पापुद्रे रेडिएटरच्या जाळीवर बसून हवेचा मार्ग बंद करतात. अशा वेळी आतले पाणी बदलून काही साध्य होत नाही; जाळी मागच्या बाजूने हवेने वा पाण्याने साफ करणे व पंख्याचा पट्टा ताणून पाहणे एवढेच पुरते. उलट, मोकळ्या सपाट रस्त्यावर व उभ्या गाडीत ठीक असणारे, पण चढावर तापणारे एंजिन बहुधा आतून चोंदलेले असते.

चढ म्हणजे प्रामुख्याने कसारा घाट. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुंबईस जाणारा कांद्याचा भरलेला ट्रक हा घाट उतरतो. तेव्हा तापतात ते ब्रेक. एंजिन तापते ते परतीच्या मालासह चढताना. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सु. ३०० मी. चढ आहे. खालच्या गिअरमध्ये एंजिन पूर्ण शक्तीने फिरत असते, गाडीचा वेग मात्र माणसाच्या धावण्याइतका. त्यातही समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी सु. ९८° से.लाच उकळते. जुन्या गाड्यांच्या रेडिएटरचे झाकण दाब न धरणारे असल्याने हा दोन अंशांचा तोटाही जाणवे. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते.

उकळलेल्या रेडिएटरमध्ये जवळच्या विहिरीचे वा झऱ्याचे पाणी ओतले जाई. या बेसाल्टी प्रदेशातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे आढळतात. तापल्यावर ती विघटित होऊन कार्बोनेटाचा थर धातूवर बसतो. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि पुढच्या खेपेस ओतलेले पाणी त्यांत भर घालते. या थरातून उष्णता लोखंडापेक्षा कित्येक पटींनी सावकाश जाते. म्हणजे प्रत्येक तापण्यावर केलेला उपाय पुढच्या तापण्याची तयारी करी. दोष मात्र चालकाच्या माथी मारला जाई. ‘गाडी ताणली’ हे कारण सांगण्यास सोपे होते. एंजिन कशाने गेले याच्या उत्तरावर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा हे अवलंबून असल्याने निदान हा केवळ कारागिरीचा विषय राहत नसे.

लाल तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतल्याने लोखंडी शीर्षास तडा जातो, ॲल्युमिनियमाचे वाकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्यात तर शरीरासच धोका असतो. दाब धरणाऱ्या झाकणामुळे आतील पाणी सु. १२०° से.पर्यंत न उकळता राहू शकते. झाकण काढताच दाब एकदम उतरतो, पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो व उरलेले उसळून अंगावर येते. निदानाची सुरुवात म्हणूनच थांबण्यापासून होते.

एंजिन निवल्यावर पाहावयाची पहिली गोष्ट पाण्याची पातळी. ती कमी असून बाहेर कोठेही गळती नसेल, तर पाणी सिलिंडरात जात असण्याचा संभव असतो : निष्कासातून सतत पांढरी वाफ, तेलाला दुधट रंग, आणि एंजिन चालू असता रेडिएटरच्या पाण्यात अखंड बुडबुडे ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे होत. पातळी पुरेशी असून वरची नळी चटका देणारी व खालची गार असेल, तर प्रवाह अडला आहे. तापनियंत्रक झडप (थर्मोस्टॅट) बंद स्थितीत अडकली असेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या असतील. पाण्याशी संबंध नसलेली कारणेही असतात. प्रज्वलन उशिरा होणे, मिश्रणात इंधन कमी पडणे, चाकाला घासत राहणारा ब्रेक, ही त्यांपैकी काही. अनुभवी मेकॅनिकही ती शेवटी तपासतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. तापदर्शकाचा काटाही फसवितो. पाणी फारच कमी होऊन संवेदक उघडा पडला, तर एंजिन जळत असताना काटा खाली येतो.

१९३० नंतरच्या दशकात मेणाच्या प्रसरणावर चालणाऱ्या तापनियंत्रकाचा विकास झाला. सर्जियस व्हर्नेट यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. आपल्याकडील गॅरेजांत मात्र ‘उष्ण प्रदेशात त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत पडली. ती चुकीची आहे. थंड चालणाऱ्या एंजिनात सिलिंडर लवकर झिजतो व इंधन अधिक लागते. ज्या एंजिनांत हीच झडप आडमार्गही बंद करते, त्यांत ती काढल्यास बरेचसे पाणी रेडिएटरला न शिवताच परत फिरते आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते.

मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनी गाडीत पंखा पट्ट्यावर फिरे. तो तुटला की कानाला कळे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत एंजिन आडवे बसविलेले होते, त्यामुळे पंखा विजेचा झाला. फ्यूज, रिले व तापस्विच ही तापण्याची नवी कारणे झाली आणि नळीवर हात ठेवून निदान करणाऱ्याला दिवा लावून तारा तपासाव्या लागल्या. भारतातील मोटारींत एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने अंगभूत निदानप्रणाली अनिवार्य झाली. तिच्या यंत्रावर ‘शीतकाचे तापमान अधिक’ असा संकेतांक उमटतो. जाळीवर बसलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसाठी स्वतंत्र संकेतांक नाही.